शिबिर की दर आठवड्याचा दवाखाना? ट्रस्टच्या मोफत आरोग्यसेवेबद्दल सल्ला हवाय

बांधावरचा

मंडळी, एका छोट्या नोंदणीकृत ट्रस्टचा मी विश्वस्त आहे. आजवर आमचं काम म्हणजे शाळेला वह्या-दप्तरं, दहावी-बारावीच्या काही मुलांची फी आणि उन्हाळ्यात दोन-चार वस्त्यांवर टँकर. आता एका देणगीदाराने आईच्या नावाने बऱ्यापैकी मोठी रक्कम देऊ केली आहे. अट एकच: पैसा गावाकडच्या लोकांच्या मोफत औषधोपचारावर खर्च व्हावा.

भाग कोरडवाहू. सात-आठ गावं आणि त्यांच्या वाड्या. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, उपकेंद्र आहे. दिवाळी झाली की तरणी माणसं ऊसतोडीला जातात, मागे म्हातारीकोतारी आणि लहान पोरं. एक डॉक्टर मोटारसायकलवरून येतात आणि ताप असो वा अशक्तपणा, सलाईन लावून जातात.

विश्वस्तांत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, वर्षातून दोन महाआरोग्य शिबिरं घ्यावीत. शहरातून तज्ज्ञ येतील, एका दिवसात शेकडो लोक तपासून होतील, देणगीदारालाही काम दिसेल. दुसऱ्यांचं म्हणणं, गाडी घ्यावी, डॉक्टर आणि नर्स पगारावर ठेवावेत आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी बसावं. हा पर्याय महाग, आणि दरवर्षी महाग. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. कायद्याच्या बाजूनेही कुणी सांगितलं तर बरं.

फटकळ

शिबिरच घ्या. मंडप, सतरंज्या, दीपप्रज्वलन, आजी-माजी लोकप्रतिनिधी. फ्लेक्सवर देणगीदाराच्या आईचा फोटो खालच्या कोपऱ्यात आणि साहेबांचा मधोमध. भाषणं संपेपर्यंत दुपारचं ऊन चढतं आणि तज्ज्ञांना परतीचे वेध लागतात.

आमच्या गावी एका शिबिरात चष्मेवाटप झालं होतं. टेबलावर ढीग, आणि ज्याने त्याने चपला घालून बघाव्यात तसे लावून बघायचे, बसेल तो आपला. दुसऱ्या दिवशी निम्मे चष्मे नातवंडांच्या नाकावर.

डॉ. कडुलिंब

फटकळ, तुमचा त्रागा समजतो, पण सरसकट शिबिरांना झोडपू नका. एका ट्रस्टच्या ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं होतो. शिबिर कशासाठी, यावर सगळं अवलंबून आहे.

मोतीबिंदू घ्या. हे दुखणं शिबिरासाठी उत्तम. गावात बॅटरी आणि तक्ता घेऊन तपासणी होते, ज्यांना शस्त्रक्रिया लागणार त्यांना बसने रुग्णालयात न्यायचं, भिंग बसवायचं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून बघायचं, थेंब देऊन घरी सोडायचं. त्यानंतर आठवड्याने आणि मग महिना-दीड महिन्याने परत तपासणी. एकदा केलं की तो डोळा मार्गी लागला. मात्र शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या थिएटरमध्येच. शाळेच्या वर्गात वा मंडपात डोळे उघडायचे दिवस गेले आणि जायलाच हवे होते. एका दूषित द्रावणाने एकाच दिवशी दहा-दहा जणांचे डोळे गेल्याच्या घटना आपल्या देशात झाल्या आहेत. हर्निया, हायड्रोसील यांचंही तसंच: गावात शोधा, रुग्णालयात करा.

आता रक्तदाब आणि मधुमेह घ्या. शिबिरात आजीबाई दोन मैल चालून आल्यात, रांगेत तासभर उभ्या, समोर लाऊडस्पीकर. दाब वाढलेलाच येणार. एका मोजणीवर गोळी सुरू करायची नसते, वेगळ्या दिवशी परत मोजावं लागतं. ते सोडून त्यांच्या हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या ठेवतात. सोळाव्या दिवसाचं काय? आजीबाईंना वाटतं कोर्स पूर्ण झाला. त्यांना आजार कळला, उपचार मात्र मिळाला नाही.

सगळ्यात वाईट फिट्सच्या रुग्णाचं. मिरगीची गोळी सुरू करून ती अचानक बंद पडली तर आधीपेक्षा जोरात झटके येऊ शकतात, प्रसंगी जिवावर बेततं. ज्याला पुढच्या महिन्याची गोळी देता येणार नाही त्याने ती सुरू करू नये, निदान पुढे कुठे मिळेल याची सोय लावल्याशिवाय तरी.

तेव्हा माझं मत दर आठवड्याच्या दवाखान्याला. आणि त्यातही डॉक्टरपेक्षा वार महत्त्वाचा. मंगळवार म्हटलं की मंगळवार, पाऊस असो, पोळा असो. तीनदा गाडी चुकली की लोक सलाईनवाल्याकडे परत जातात, आणि त्यांचं काही चुकत नाही. तो निदान येतो तरी.

गटप्रवर्तक ताई

मी आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे वीसेक आशा माझ्याकडे. थोडं कडू लिहिते, राग मानू नये.

संस्थावाले येतात तेव्हा गावात आधीच काय चाललंय हे विचारत नाहीत. दादा, तुमच्या उपकेंद्राला आता समुदाय आरोग्य अधिकारी असेल. बीपी-शुगरच्या गोळ्या तिथे मिळतात, मोफत. मग लोक का जात नाहीत? कारण उपकेंद्र चालतं दिवसा आणि बायका त्या वेळी खुरपायला गेलेल्या. रोजगार बुडवून बीपी मोजायला कोण येणार? तुमची गाडी सकाळी अकराला येऊन दुपारी तीनला गेली तर तुम्हीही तेच करणार. यायचं तर संध्याकाळी या. नाहीतर आठवडी बाजाराच्या गावी, बाजाराच्या दिवशी बसा. त्या दिवशी माणूस तसाही घराबाहेर पडलेला असतो, जीपभाडं दिलेलं असतं, आणि कामावर गेला नाही म्हणून कुणी बोलत नाही.

दुसरं, गोळीचा रंग. उपकेंद्रातली गोळी पांढरी आणि तुमची गुलाबी, औषध तेच. म्हातारी माणसं दोन्ही खातात. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या डॉक्टरांनी आमच्या सिस्टरशी बोलून एकच यादी ठरवावी.

तिसरं, लोक सुई मागतील. "गोळ्यांनी काय होतंय, एक सलाईन लावा" म्हणतील. तुम्ही नाही म्हणाल, तर पहिले सहा महिने तुमचा दवाखाना रिकामा राहील. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर गर्दी नाही म्हणून डॉक्टरांवर खापर फुटतं.

बांधावरचा

ताई, राग कसला, हेच हवं होतं. बाजाराच्या दिवसाचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उपकेंद्रात जाऊन आलो. अधिकारी बाई तरुण आणि हुशार आहेत. गोळ्यांचा साठा मधूनमधून संपतो हीच त्यांची अडचण. म्हणजे जिथे त्यांचं कमी पडतं तिथे आपण भर घालावी, असं काहीसं दिसतंय.

डॉक्टर, गर्दी नसलेले सहा महिने देणगीदाराला कसे समजावायचे?

हिशेबनीस

देणगीदाराचं नंतर बघू, आधी कागद बघा. मी ट्रस्टांची ऑडिट करतो.

सर्वात आधी घटना किंवा ट्रस्ट डीड काढा आणि उद्देश वाचा. वह्या-दप्तरं वाटणाऱ्या पुष्कळ ट्रस्टांच्या उद्देशांत 'शैक्षणिक' एवढंच असतं. वैद्यकीय मदतीचा उद्देश नसेल तर त्यावर खर्च केलेला पैसा उद्देशाबाहेरचा ठरतो आणि आयकर व धर्मादाय अशा दोन्हीकडे उत्तरं द्यावी लागतात. उद्देशांत भर घालायची तर ती धर्मादाय कार्यालयाच्या रस्त्याने, आधी. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. निम्म्या ट्रस्टांचे अर्ज वर्षानुवर्षं पडलेले असतात आणि मोठी देणगी आली की मगच हे आठवतं.

दुसरं, देणगीदाराला विचारा: ही रक्कम मुद्दल म्हणून राखायची की खर्च करायची? मुद्दल असेल तर तसं त्यांच्याकडून लेखी हवं, आणि ती कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवायची. तुम्ही फक्त व्याज वापरणार. खर्चासाठी असेल तर उत्पन्नाच्या ८५ टक्के त्या वर्षी उद्देशावर खर्च व्हायला हवेत, नाहीतर पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवतोय असं मुदतीत रीतसर कळवायचं. माझा सल्ला मुद्दलाचा. डॉक्टरांचा पगार व्याजातून निघत असेल तर दवाखाना देणगीदाराच्या मर्जीवर राहत नाही. निघत नसेल तर आजच कळू दे की नर्सवर भागवावं लागणार आहे.

देणग्या घेताना दोन हजारांवर रोख घेतलेल्या देणगीला देणगीदाराची आयकर सवलत, जिला लोक ८०-जी म्हणतात, ती नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ८०-जीचा उपयोगच नाही, त्यामुळे 'करसवलत मिळेल' एवढ्यावर देणग्या मागू नका.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी: २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के द्यावे लागतात आणि आरोग्य त्यात बसतं. पण माझा अनुभव असा की गाडी घ्यायला पैसे मिळतात, डिझेल आणि ड्रायव्हरला मिळत नाहीत. किती तरी गावांत कंपनीचं नाव रंगवलेल्या रुग्णवाहिका शेडमध्ये उभ्या आहेत. गाडी विकत घेऊच नका. भाड्याने लावा.

दवाखान्याचे कागद: खाटा ठेवल्या की नर्सिंग होमची नोंदणी आली, नुसती ओपीडी असेल तर ती भानगड नाही. पण खाटा नसल्या तरी सुया आणि पट्ट्यांच्या कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. शिबिरात सोनोग्राफी ठेवू म्हणणाऱ्या विश्वस्ताला कोपऱ्यात घेऊन गर्भलिंगनिदानविरोधी कायदा समजावा. नोंदणी नसलेल्या जागी ते मशीन लावणं म्हणजे थेट फौजदारी.

फटकळ

वा. म्हणजे सेवा करायला आधी हिशेबनीस हवा.

हिशेबनीस

हो. आणि तोही फुकट मिळत नाही.

सेवाग्रामकर

सगळे शिबिर की दवाखाना यावर बोलताहेत. तिसरी वाट आपल्याच महाराष्ट्रात लोकांनी पाडून ठेवली आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे १९७० साली जामखेडला गेले तेव्हा त्यांच्याकडे दोघांच्या पदव्या होत्या. काम मात्र उभं केलं ते गावातल्या बायकांनी. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावाने निवडून पाठवलेल्या या बायका आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन बाळंतपणं, जुलाब, नवजात बाळं, कुष्ठरोग हे सगळं बघत. डॉक्टर होते मागे, अडलं तर. शेतकऱ्यांची मंडळं निघाली, पाण्याची कामं झाली, झाडं लागली, कारण पोराचा जुलाब थांबवायचा तर पाणी आणि ज्वारी दोन्ही लागतात हे तिथे लवकर कळलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने त्याचा पुरावाच मांडला. १९९५ ते ९८ मध्ये ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बायका घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत होत्या. वजन, ऊब, स्तनपान, आणि न्युमोनिया वा जंतुदोष ओळखून औषध, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली तेव्हा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी आढळले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज ताईंच्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

आणि एक. 'सर्च'च्या शोधग्राममधला दवाखाना बांधण्याआधी तिथल्या आदिवासींना विचारलं की तुम्हाला कसा दवाखाना हवा. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते म्हणाले. म्हणून तो गावासारखा, झोपड्याझोपड्यांचा बांधला. नावही त्यांच्या दंतेश्वरी देवीचं. तुम्ही आईच्या नावाची संगमरवरी पाटी लावणार असाल तर आधी गावाला विचारा बुवा.

बांधावरचा

पाटी देणगीदाराला हवी आहे. त्यावरून एक बैठक झालीच आहे, असो.

नेमका प्रश्न: पूर्ण मोफत ठेवावं की नाममात्र दहा रुपये घ्यावेत? फुकटची किंमत राहत नाही असं आमच्या अध्यक्षांचं ठाम मत आहे.

डॉ. कडुलिंब

मी नाममात्र फीच्या बाजूचा. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी वर्षानुवर्षं पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि पुढच्याला एक रुपया घेतला. फी अगदी थोडी, पण फी. घेणाऱ्याला उपकार वाटत नाहीत आणि उगाच गोळ्या गोळा करणारे कमी होतात. पूर्ण फुकट वाटप ठेवलं की उकिरड्यावर पट्ट्या सापडतात.

कोयता

डॉक्टर साहेब, माफ करा पण हे पटलं नाही.

माझे आईवडील ऊसतोडीवर होते. आमच्याकडं दहा रुपयांनी कुणी गरीब होत नाही हे खरंय. पण ते दहा रुपये असतात कुणाजवळ? माझ्या आजीजवळ कधीच नव्हते. तिला दवाखान्यात जायचं म्हणजे मुलाला मागायचे, मुलगा बायकोकडं बघणार, सून म्हणणार काल तर बऱ्या होत्या. आजी म्हणायची राहू दे. फी लावली तर दवाखान्यात गडीमाणसं वाढतील आणि म्हाताऱ्या बायका कमी होतील. तुमच्या वहीत ते कुठंच दिसणार नाही, कारण जी आलीच नाही तिची नोंद कशी होणार?

आणि गोळ्या उकिरड्यावर जातात त्या फुकट म्हणून नाही. कशाच्या आहेत ते कुणी सांगितलेलं नसतं म्हणून.

दुसरी गोष्ट सांगतो जी इथं कुणी बोललं नाही. दिवाळीनंतर तुमचे पेशंट तुमच्या गावात नसणारच. ते कारखान्याच्या फडावर, तीनशे-चारशे किलोमीटर लांब. तिथं दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. बीपीची गोळी तिथं कोण आणून देणार? निघायच्या आधी निदान तीन महिन्यांच्या गोळ्या द्या आणि सोबत एक कार्ड. मराठीत. औषधाचं नाव, किती वाजता, कशासाठी. फडावर दुसऱ्या डॉक्टरकडं जायची वेळ आली तर तेच कार्ड कामाला येतं. बाळंतीण आणि लहान लेकरं जात असतील तर लसीचं कार्ड पिशवीत आहे का ते बघा. मोफत शिबिरापेक्षा हे स्वस्त पडतं.

गटप्रवर्तक ताई

कोयता भाऊ, शंभर टक्के खरं. लसीकरणाच्या यादीत 'स्थलांतरित' म्हणून शेरा मारला की आमचं काम संपतं, लेकराचं संपत नाही.

डॉ. कडुलिंब

आजीजवळ दहा रुपये नसतात हे मी ओपीडीच्या खुर्चीत बसून पाहू शकत नव्हतो, कारण माझ्यासमोर येत होते ते फी भरूनच. मुद्दा मान्य. तरीही ज्यांना परवडतं त्यांनी काही द्यावं, हे मी सोडत नाही.

सेवाग्रामकर

त्यालाही एक जुनं उत्तर आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेल्या खेड्यांत डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीचा विमा चालवला. सुगीला प्रत्येक घराने ज्वारी द्यायची, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने कमी. बदल्यात गावात औषध आणि रुग्णालयात मोफत वा सवलतीत उपचार. एकट्यादुकट्याला त्यात घेत नसत, गावातली बहुतेक घरं आली तरच गाव आत.

यातली खुबी बघा. पैसे आजारपणात मागत नाहीत, सुगीला घेतात, जेव्हा कणगीत काही असतं. आणि देतं ते घर, आजारी माणूस नाही. कोयता यांच्या आजीला कुणाकडे हात पसरावा लागला नसता. तिचा वाटा घराने आधीच दिलेला. अध्यक्षांना हे ऐकवा. कोरडवाहू भाग म्हणताय, ज्वारी-बाजरी नाहीतर तूर असेलच.

फटकळ

आणि दुष्काळात? सुगीच नाही झाली तर?

सेवाग्रामकर

मग ट्रस्टचं व्याज आहेच की. म्हणून तर हिशेबनीस मुद्दल राखायला सांगताहेत.

दूरदेशी

मी बाहेर राहतो, दरवर्षी अशा एकदोन संस्थांना पैसे पाठवतो. माझ्यासारख्यांना विश्वास वाटावा म्हणून रुग्णांचे फोटो, त्यांच्या गोष्टी, महिन्याचे आकडे साइटवर टाकावेत असं सुचवतो. आणि मी पैसे कसे पाठवावेत?

हिशेबनीस

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुमच्या खात्यातून बँकेमार्फत आलेली देणगी परदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी. त्यासाठी ट्रस्टला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. बांधावरचे यांच्या ट्रस्टने इतक्यात त्या वाटेला जाऊ नये. चुकून एक रक्कम साध्या खात्यात आली तरी निस्तरताना नाकी नऊ येतात.

गटप्रवर्तक ताई

फोटोंचं म्हणाल तर नको. गाव छोटं असतं. टीबीची बाई, कुपोषित लेकरू, दारू सोडलेला माणूस, यांचे फोटो तुमच्याकडे दिसतात तसे फोनवर इथेही दिसतात. मुलीचं लग्न मोडतं.

दूरदेशी

हा विचार केला नव्हता. मग काय बघून पैसे द्यावेत?

डॉ. कडुलिंब

एकच आकडा मागा. वर्षापूर्वी ज्यांची गोळी सुरू झाली त्यांच्यापैकी आज किती जण घेताहेत आणि किती जणांचा दाब आटोक्यात आहे. किती तपासले हे विचारू नका, ते कुणीही फुगवतो. बांधावरचे, देणगीदाराला गर्दी नसलेले सहा महिने समजावायचे तर हाच आकडा पहिल्या दिवसापासून लिहायला लागा. साध्या वहीत लिहिला तरी चालतो.

रुग्णमित्र

उशिरा आलो. दवाखान्याचं पुरेसं झालंय, मी त्याच्या पुढचं सांगतो. तुमचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी कॅन्सर, किडनी, हृदय, हाड मोडणं, मुदतीआधीचं बाळंतपण हे सगळं जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला जाणार. तिथे खेड्यातला माणूस पैशाअभावी जितका अडतो, त्याहून जास्त कुठे जायचं हे माहीत नसल्याने अडतो.

सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यात कलम ४१-अअ आहे. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता आधी दाखल करून जीव वाचवायचा, हेही त्यातच येतं. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, अंगीकृत रुग्णालयात तिचा आरोग्यमित्र बसलेला असतो.

कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात एका मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर मला सांगितलं गेलं की 'खाटा भरल्यात'. समाजसेवकांच्या टेबलापर्यंत गेल्यावर त्या रिकाम्या निघाल्या. गावाकडचा माणूस त्या टेबलापर्यंत पोचत नाही. त्याच्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नसतो, रेशनकार्डावर नाव चुकलेलं असतं, आधारवर वेगळंच. आणि दाखला काढायला माणूस आजारी पडल्यावर धावतात.

ट्रस्टने एक माणूस नेमावा. बारावी झालेली, फोनवर न घाबरता बोलणारी गावातली मुलगी चालेल. तिचं काम इतकंच: निरोगी दिवसांत लोकांचे कागद नीट करून ठेवणं आणि अडीअडचणीला सोबत जाणं. त्याच फेरीत विधवा आणि निराधारांचे संजय गांधी योजनेचे, म्हाताऱ्यांचे श्रावणबाळचे अर्ज भरून होतात. सोबत येणाऱ्या नातेवाइकांच्या राहण्या-जेवण्याचं बघा. औषध फुकट मिळतं, पण बापाजवळ महिनाभर राहायचं कुठे म्हणून उपचार अर्ध्यात सोडून गावी परतलेले किती तरी पाहिलेत. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना आसरा देते. असे पत्ते आणि फोन त्या मुलीच्या वहीत असले पाहिजेत.

कोयता

ही मुलगी नेमाच. माझ्या आईच्या वेळी अशी कुणी असती तर दोन एकर गहाण पडली नसती.

बांधावरचा

सगळ्यांचे प्रतिसाद छापून बैठकीत वाचून दाखवले. फटकळ यांचे वगळून. आत्तापर्यंत ठरलंय ते असं:

मोठं शिबिर रद्द. फक्त डोळ्यांचं, तेही रुग्णालयाशी लेखी बोलणं झाल्यावर, आणि नंतरच्या तपासणीची बस आपली. उद्देशांत वैद्यकीय मदत होती, नशीब. मुद्दल राखायला देणगीदार तयार आहेत, पण व्याजात पूर्ण वेळ डॉक्टर बसत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर, बाकी दिवस नर्स आणि रुग्णमित्र म्हणतात तशी एक मुलगी. गाडी भाड्याने. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत. सुगीच्या धान्याचं अध्यक्षांना इतकं आवडलं की ते आता जणू त्यांनीच सुचवलंय असं बोलतात.

पाटी लागणार. मात्र लाकडी.

राहिला प्रश्न डॉक्टरचा. एमबीबीएस झालेलं कुणी यायला तयार नाही.

डॉ. कडुलिंब

तरुण शोधू नका. सरकारी नोकरीतून नुकते निवृत्त झालेले वैद्यकीय अधिकारी बघा. त्यांना गाव कळतं, पेन्शन असते आणि आठवड्याला दोन दिवस त्यांनाही हवेच असतात. मी तालुक्याच्या गावातल्या दोघांना विचारतो, खासगी निरोप पाठवा. नर्स मात्र स्थानिकच घ्या. दवाखाना टिकेल तो तिच्यावर.

फटकळ

माझे प्रतिसाद वगळले त्याचा निषेध. बाजाराचा वार कुठला धरलाय?

बांधावरचा

बुधवार.

गटप्रवर्तक ताई

थांबा थांबा. तुमच्या भागातल्या उपकेंद्रांत लसीकरण कुठल्या वारी असतं ते आधी सिस्टरना विचारा. बुधवारीच असलं तर आशा आणि सिस्टर दोघीही तुमच्याकडे फिरकणार नाहीत, आणि त्या नसल्या तर म्हाताऱ्यांना घरातून बाहेर काढणार कोण?

बांधावरचा

विचारलं. बुधवारीच आहे. दुसरा बाजार शनिवारी भरतो, चार किलोमीटरवर. शनिवार धरतो, वेळ दुपारी चार ते आठ.